ऑफिसमधून निघालेल्या डेस्कटॉपवर गेमिंग : कार्ड सगळ्यात शेवटी निवडा

संध्याकाळी तासभर व्हॅलोरंट किंवा सीएस २, सुट्टीच्या दिवशी जीटीए ५, मुलांसाठी माइनक्राफ्ट. गरज एवढीच असेल तर नवाकोरा गेमिंग पीसी घ्यायची गरज नाही. कंपन्या काही वर्षांनी आपले डेस्कटॉप बदलतात. मग तेच डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क आणि लेनोवो थिंकसेंटर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत आणि ऑनलाइन ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विकायला येतात. यांची बांधणी दणकट असते, मदरबोर्ड वर्षानुवर्षं चालतो आणि त्यात एक बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड टाकलं की काम भागतं.

मात्र हे प्रत्येक मशीनच्या बाबतीत खरं नाही. स्वस्त मिळाला म्हणून डेस्कटॉप उचलायचा आणि कार्ड नंतर बघू म्हणायचं, इथेच पैसे वाया जातात. जे नंतर बदलताच येत नाही ते आधी पाहा : प्रोसेसरची जनरेशन (पिढी), मग कॅबिनेटचा आकार, मग एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा. कार्ड या तिघांनी घालून दिलेल्या मर्यादेतच निवडावं लागतं.

जनरेशन : आठवी किंवा त्यापुढची

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर, एखाददुसरा अपवाद सोडला तर, आठव्या जनरेशनपासून पुढचेच आहेत. शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागतं. या अटींना बगल देऊन जुन्या मशीनवर विंडोज ११ टाकता येतं, दुकानदारही सर्रास टाकून देतात. पण व्हॅलोरंटचं अँटी-चीट, म्हणजे व्हॅनगार्ड, विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही चालू आहेत का हे तपासतं. नसतील तर व्हॅन ९००१ ही एरर देऊन गेम सुरूच होत नाही. ‘विंडोज ११ टाकलेलं आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. विंडोज की आणि आर दाबून ‘टीपीएम डॉट एमएससी’ उघडा आणि आवृत्ती २.० दिसते का ते पाहा. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ‘सिक्युअर बूट स्टेट’ ऑन आणि बायोस मोड यूईएफआय असायला हवा (बायोस म्हणजे मशीन सुरू करणारं मदरबोर्डमधलं सॉफ्टवेअर, यूईएफआय हे त्याचं नवं रूप).

दुसरं कारण कोअरचं, म्हणजे प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागांचं. चौथ्या जनरेशनचा आय५-४५९० असो, सहाव्याचा आय५-६५०० असो की सातव्याचा आय५-७५००, तिघांतही चार कोअर आणि चारच थ्रेड, म्हणजे एका वेळी चारच कामं. आजच्या गेममध्ये सरासरी फ्रेमरेट ठीक दिसतो, पण मधूनच झटका बसतो, कारण मागे डिस्कॉर्ड, ब्राउझर, अँटीव्हायरस काहीतरी चालूच असतं आणि त्याला द्यायला मोकळा कोअर उरत नाही. आठव्या जनरेशनमध्ये इंटेलने आय५ ला सहा कोअर दिले. आय५-८४०० आणि ८५०० सहा कोअर सहा थ्रेडचे आहेत, आय७-८७०० सहा कोअर बारा थ्रेडचा. सातवी ते आठवी ही या रांगेतली सगळ्यात मोठी उडी आहे आणि सेकंडहँड बाजारात भावातला फरक त्या मानाने थोडा असतो.

इथे एक फसवणूक सहज होते. सहाव्या, सातव्या आणि आठव्या जनरेशनच्या प्रोसेसरचं सॉकेट नावाने एकच आहे, एलजीए ११५१. म्हणून ‘आत्ता सहावी घ्या, पुढे आठवीचा प्रोसेसर टाकू’ असं सांगितलं जातं. ते होत नाही. पिनांची जोडणी बदललेली आहे आणि आठव्या जनरेशनला मदरबोर्डावर ३०० सिरीजचाच चिपसेट (बोर्डाची मुख्य चिप) लागतो. डेलमध्ये शेवटी ६० असलेली मॉडेलं बघा : ऑप्टिप्लेक्स ३०६०, ५०६०, ७०६०. एचपीत एलिटडेस्क ८०० जी४. ३०५० किंवा ७०५० म्हणजे सहावी-सातवी, ७०२० आणि ९०२० म्हणजे चौथी. मॉडेल नंबर पाठ असला की जाहिरातीत ‘आय७’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असलं तरी फसायला होत नाही.

कॅबिनेट : टॉवर मिळत असेल तर टॉवरच

एकाच मॉडेल नंबरचा डेस्कटॉप तीन आकारांत येतो. टॉवर, आडवा-उभा ठेवता येणारा एसएफएफ (स्मॉल फॉर्म फॅक्टर, म्हणजे लहान कॅबिनेट), आणि जाड पुस्तकाएवढा मायक्रो (एचपीत मिनी, लेनोवोत टायनी). मायक्रोमध्ये ग्राफिक्स कार्डाचा स्लॉटच नसतो, तुरळक मॉडेलं सोडून. तो गेमिंगसाठी घेऊ नका.

एसएफएफमध्ये स्लॉट असतो, पण पूर्ण उंचीचं कार्ड बसत नाही. लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं कार्ड लागतं आणि त्यासोबत लहान ब्रॅकेट (कार्ड कॅबिनेटला स्क्रूने जोडणारी धातूची पट्टी). सेकंडहँड लो प्रोफाइल कार्ड घेताना ब्रॅकेट मागून घ्या; अनेकदा मोठंच ब्रॅकेट लावलेलं असतं आणि छोटं मालकाने हरवलेलं असतं. आणखी एक गोष्ट प्रत्यक्ष झाकण उघडूनच कळते : काही एसएफएफ मॉडेलांत ग्राफिक्स कार्डाचा लांब स्लॉट एसएमपीएसला अगदी खेटून असतो, त्यामुळे दोन स्लॉट जाडीचं कार्ड आत जात नाही. मोजपट्टी घेऊन जा. स्लॉटपासून शेजारच्या अडथळ्यापर्यंत ४० मिलिमीटर मोकळे असतील तर दोन स्लॉटचं कार्ड बसेल. नसतील तर एका स्लॉटचंच शोधावं लागेल, आणि त्यात पर्याय फार थोडे.

टॉवरमध्ये हा सगळा त्रास नाही. फक्त कार्डाची लांबी मोजा, कारण हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येऊ शकतो. दोन पंख्यांऐवजी एका पंख्याचं आखूड कार्ड घेतलं की तोही प्रश्न मिटतो.

वॅटचा हिशेब

ऑफिस डेस्कटॉपचा एसएमपीएस साधारण २०० ते २६० वॅटचा असतो. आकडा ऐकून लोक घाबरतात, पण तो खरा आकडा असतो. बाजारात कॅबिनेटसोबत ‘४५० वॅट’ लिहिलेला जो हलका डबा फुकट मिळतो, त्यापेक्षा डेलचा २६० वॅटवाला कितीतरी भरवशाचा. कुठल्याही एसएमपीएसच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी वीज तिथूनच घेतात.

आय५-८५०० ची ठरलेली मर्यादा ६५ वॅट. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ३० ते ४० धरा. कार्ड ७५ वॅटचं. बेरीज १७० ते १८०. २६० मध्ये हे निवांत बसतं, २०० मध्येही बसतं पण जेमतेम. आय७-८७०० काही सेकंदांसाठी ६५ च्या बराच वर जातो, म्हणून २०० वॅटच्या एसएफएफमध्ये आय७ आणि ७५ वॅटचं कार्ड ही जोडी मी सुचवणार नाही.

आता मुख्य अट. या एसएमपीएसमधून कार्डासाठी वेगळी सहा किंवा आठ पिनांची वायर बहुधा निघत नाही. म्हणजे कार्डाला जी वीज मिळेल ती स्लॉटमधूनच. पीसीआय एक्सप्रेसच्या नियमाप्रमाणे लांब स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो, त्यातले ६६ वॅट १२ व्होल्टवरचे. काही एसएफएफ मॉडेलांत कंपनीने ही मर्यादा ७५ च्याही खाली ठेवलेली असते. त्या मॉडेलचं मॅन्युअल उघडून स्लॉटसमोरचा वॅटचा आकडा बघून घ्या.

सॅटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या वायरीवरून सहा पिन काढून देणारा अडॅप्टर सगळीकडे मिळतो. तो लावू नका. सॅटा कनेक्टरच्या १२ व्होल्टच्या तीन पिना मिळून ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅट वाहून नेण्यापुरत्या बनवलेल्या असतात आणि सहा पिनांचं कार्ड तिथून ७५ वॅटपर्यंत ओढू शकतं. कनेक्टर आधी तापतो, मग वितळतो. हे पहिल्या दिवशी घडत नाही, म्हणून लोकांना वाटतं की चालतंय.

मोठा एसएमपीएस टाकू म्हटलं तर तिथेही अडचण आहे. या मदरबोर्डांवर नेहमीचा २४ पिनांचा कनेक्टर नसतो, कंपनीचा स्वतःचा सहा किंवा आठ पिनांचा असतो. अडॅप्टर केबल मिळते, टॉवरमध्ये ती वापरताही येते, पण एसएमपीएसचा आकार आणि स्क्रूची भोकं जुळतील याची खात्री नसते. मोठं कार्ड हवंच असेल तर ऑफिसचा डेस्कटॉप घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

कार्ड

वायर न लागणाऱ्या गेमिंग कार्डांत आज सगळ्यात चांगलं आहे आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं रूप. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं, ७० वॅट घेतं, लो प्रोफाइलमध्येही मिळतं आणि डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करून फ्रेमरेट वाढवणारी सोय) चालतं. मात्र नाव नीट वाचा. आरटीएक्स ३०५० चं ८ जीबीवालं रूप वेगळंच कार्ड आहे. ते १३० वॅट घेतं आणि त्याला वायर लागते. शिवाय ६ जीबीतही एखाद्या कंपनीने वायरचा कनेक्टर दिलेला असू शकतो, म्हणून कार्डाच्या वरच्या कडेचा फोटो बघितल्याशिवाय ऑर्डर करू नका.

त्याखाली जीटीएक्स १६५०. ४ जीबी, ७५ वॅट, २०१९ चं. सेकंडहँड भरपूर मिळतं. पण यातही फॅक्टरीतूनच वेग वाढवलेल्या अनेक मॉडेलांना सहा पिनांची वायर लागते, आणि १६५० सुपर तर १०० वॅटचंच आहे. एका स्लॉटचं लो प्रोफाइल हवं असेल तर आरएक्स ६४०० हा पर्याय उरतो : ५३ वॅट, ४ जीबी. त्याची उणीव आधीच माहीत असू द्या. ते मदरबोर्डाशी नेहमीच्या सोळाऐवजी फक्त चार लेनने (डेटाच्या मार्गिकांनी) बोलतं. नव्या, पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या बोर्डावर ते पुरतं. आठव्या जनरेशनचा बोर्ड ३.० चा, तिथे हा रस्ता निम्म्याने अरुंद होतो. गेमचे टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) ४ जीबीत मावले तोवर फरक फारसा कळत नाही. ते ओसंडून रॅममध्ये गेले की गेम अडखळतो. आरएक्स ६४०० असेल तर टेक्स्चर मीडियमच्या वर नेऊ नका.

जीटीएक्स १०५० टीआय हे बरीच वर्षं या कामासाठीचं ठरलेलं उत्तर होतं. आता नाही. एनव्हिडियाने त्या पिढीच्या कार्डांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले. पुढे फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतील. घरात पडलेलं असेल तर जरूर वापरा, पैसे देऊन घेऊ नका. इंटेलची आर्क कार्डंही इथे नकोत. त्यांना रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतं, या ऑफिस बोर्डांच्या बायोसमध्ये ते सहसा नसतं, आणि त्याशिवाय आर्कचा वेग फार पडतो.

दुकानात ‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’ असं म्हणून जीटी ७३० पुढे केलं जातं. जीबीचा आकडा वेग सांगत नाही. जीटी ७३० हे २०१४ चं कार्ड. त्यावर ४ जीबी डीडीआर३ मेमरी असली तरी ती भरून वापरण्याची ताकद त्या चिपमध्ये नाही, आणि आय५-८५०० मध्ये आधीपासून असलेलं यूएचडी ६३० ग्राफिक्स जवळपास तेवढंच काम करतं. जीटी ७१० तर त्याहूनही मंद. जीटी १०३० घेताना मेमरीचा प्रकार विचारा : जीडीडीआर५ असलेल्याची बँडविड्थ (डेटा वाहून नेण्याची क्षमता) सेकंदाला ४८ जीबी, डीडीआर४ असलेल्याची १७ सुद्धा नाही, आणि खोक्यावर नाव मात्र एकच.

बनावट कार्डं हा वेगळाच धोका आहे. खूप जुन्या चिपच्या बायोसमध्ये फेरफार करून तिला १०५० टीआयचं नाव देतात. विंडोज तेच नाव दाखवतं, गेम सुरू केला की मशीन बंद पडतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे मागचा निळा व्हीजीए पोर्ट. एनव्हिडियाच्या १० सिरीजपासून कार्डातून अ‍ॅनालॉग सिग्नल निघतच नाही, त्यामुळे त्या कार्डावर व्हीजीए दिसला तर संशय घ्या. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन जा. ते बनावट चिप ओळखून नावापुढे ‘फेक’ असं लिहितं.

बसवताना

कार्ड लावण्याआधी दोन कामं उरकून घ्या. कंपनीच्या साइटवरून बायोस अपडेट करा (लाइट जाणार नाही अशा वेळी, किंवा यूपीएसवर), आणि विंडोज यूईएफआयमध्ये बसलेलं आहे ना हे पाहा. जुन्या पद्धतीच्या लेगसी मोडमध्ये असेल तर थेट बायोसमध्ये जाऊन मोड बदलू नका, विंडोज उघडणारच नाही. आधी डेटा दुसरीकडे घ्या, मग विंडोजमध्येच असलेल्या एमबीआर२जीपीटी या टूलने डिस्क बदलून घ्या. डिस्कवर तीनपेक्षा जास्त पार्टिशन असतील तर ते टूल नकार देतं. अशा वेळी विंडोज नव्याने टाकणंच सरळ.

मग प्लग काढा, पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला चार्ज जाईल, कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा. कॅबिनेटच्या मागची, स्लॉट झाकणारी पट्टी काढा. कार्ड स्लॉटमध्ये सरळ दाबा, शेवटची कुंडी ‘टक्’ करून बसली पाहिजे. स्क्रू लावल्यावर कार्ड पुन्हा एकदा तपासा, कारण ब्रॅकेट ओढलं जाऊन दुसरी बाजू किंचित उचलली जाते आणि मग डिस्प्ले येत नाही.

डिस्प्ले न येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण मात्र याहून साधं असतं : मॉनिटरची वायर मदरबोर्डाच्याच पोर्टमध्ये राहिलेली असते. ती कार्डाच्या पोर्टमध्ये लावा. मॉनिटर जुना व्हीजीएवाला असेल तर साधी केबल चालणार नाही, आतमध्ये चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. मॉनिटर १०० किंवा १४४ हर्ट्झचा असेल तर विंडोजच्या अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन तो आकडा स्वतः निवडा. पहिल्यांदा जोडल्यावर तो बऱ्याचदा ६० वरच राहतो.

बाकीचे भाग

रॅम १६ जीबी हवी, आणि ८ च्या दोन पट्ट्या हव्यात. रिफर्बिश्ड मशीनमध्ये बहुधा एकच पट्टी असते. एक पट्टी म्हणजे मेमरीचा एकच मार्ग चालू. कार्ड घ्यायला पैसे जमेपर्यंत यूएचडी ६३० वरच खेळायचं असेल तर दुसरी पट्टी हाच सगळ्यात मोठा फायदा. व्हॅलोरंटसारखा हलका गेम कमी सेटिंगवर तेवढ्याने खेळण्याजोगा होतो. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव खूप चढले आहेत, म्हणून १६ जीबी आधीच बसवलेलं मशीन मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊन तेच घ्या. सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये ‘चॅनेल’समोर ड्युअल (नव्या आवृत्तीत २ x ६४-बिट) दिसलं पाहिजे.

एसएसडीशिवाय घेऊ नका, आणि लावलेल्या एसएसडीचा कस क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये बघा. ७०६० मध्ये एम.२ स्लॉट आहे, त्यात एनव्हीएमई, म्हणजे जास्त वेगाची एसएसडी बसते. हार्ड डिस्क फोटो-व्हिडिओंसाठी ठेवा.

मशीन सहा-सात वर्षं जुनं असेल तर थर्मल पेस्ट सुकलेली असणार. दहा मिनिटं मशीन चालवून गरम करा, बंद करा, मग हीटसिंक काढा. पेस्ट मऊ झालेली असते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मधोमध वाटाण्याच्या दाण्याएवढी नवी लावा. स्क्रू कोपऱ्यासमोरचा कोपरा असे थोडे थोडे आवळा. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग जातं. विदर्भात मे महिन्यात खोलीच गरम असते. तिथे गेममध्ये फ्रेमरेट ६० वर बांधून ठेवला तर कार्ड कितीतरी कमी तापतं आणि ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर काही गमवावंही लागत नाही. दर वेळी तारीख-वेळ मागे जात असेल तर सीआर २०३२ सेल बदला.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मशीनपेक्षा आधी घरातलं अर्थिंग तपासून घ्या. तीन पिनांचा सॉकेट असला तरी मागे अर्थची वायर जोडलेलीच नसते, असं जुन्या घरांत फार आढळतं. यूपीएस ६०० व्हीएचा पुरतो, तो साधारण ३६० वॅट देतो.

दुकानात बिल देण्याआधी बायोस उघडून बघा. पासवर्ड मागितला तर ते मशीन सोडून द्या. जुन्या कंपनीने लावलेला पासवर्ड काढणं मदरबोर्डानुसार अवघड ते अशक्य असतं. डेल असेल तर सर्व्हिस टॅग डेलच्या साइटवर टाका, मूळ मशीनमध्ये काय होतं ते दिसतं.

आणि ज्यांना दोन वर्षांनी मोठं कार्ड टाकायचंय, त्यांनी सुरुवातच वेगळी करावी. रायझन ५ ५६००जी, बी५५० बोर्ड, ८ च्या दोन पट्ट्या, ५५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस. याचं आतलं वेगा ग्राफिक्स यूएचडी ६३० पेक्षा बरंच पुढे आहे, त्यामुळे पहिलं वर्ष कार्डाशिवाय निघतं. इंटेलच्या आय३-१२१००एफ च्या मोहात पडायचं असेल तर शेवटचं अक्षर लक्षात ठेवा : एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं, कार्ड येईपर्यंत पडद्यावर काहीच दिसणार नाही.